आतला टायर

कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावाबाहेरच्या यार्डात मी खडीवर पाठ टेकून पडलो होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बायकोच्या पर्समधला गोल आरसा. वर सहा टनांची गाडी. (जॅकवर उचललेली नव्हती. सहाही चाकं जमिनीवर होती. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलंय.) डावीकडच्या मागच्या जोडीतला आतला टायर, आणि त्याचीही आतली बाजू. तिथे वीस वर्षांचा चिखल आणि ग्रीस असा काही बसला होता की थुंकी लावून अंगठ्यानं घासावं लागलं. आरशात आकडे उलटे दिसत होते, म्हणून शेवटी मोबाइल आत सरकवून अंदाजानं फोटो काढला. तिसऱ्या फोटोत नीट वाचता आलं. ३९०२.

आधी वाटलं, मीच चुकीचं वाचतोय. मग पोटात गोळा आला.

टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३९०२ म्हणजे २००२ सालचा एकोणचाळिसावा आठवडा, म्हणजे सप्टेंबर संपता संपता. मी खडीवर पडलो होतो तो २०२४चा एप्रिल. हा पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी कायद्याला चालतं, आणि जोडीतल्या टायरची ती बाजू कुठे तोंड करून बसेल हे बसवणाऱ्याच्या मर्जीवर. बाहेरच्या टायरवर मला उभ्याउभ्या २३१५ दिसला होता. आधीच्या मालकानं सगळे टायर २०१५ साली बदलले, असं म्हणून मी सहा वर्षं निवांत होतो.

गाडी म्हणजे आमचं मोटरहोम. इथे सगळे आरव्ही म्हणतात, आमच्या घरात तिला ‘वऱ्हाड’ म्हणतात, कारण बायकोच्या मते दोन रात्रींच्या सहलीलाही आपण मुलीच्या लग्नाला निघाल्यासारखं सामान भरतो. २००३चं मॉडेल, २८ फूट, खाली फोर्डची ई-४५० चासी आणि दहा सिलिंडरांचं इंजिन, वर दुसऱ्याच कंपनीनं बांधलेलं घर. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडी, आपल्या एसटीसारखी. २०१८ साली एका निवृत्त जोडप्याकडून घेतली. त्यांनी निघताना मला शेगडीचा, संडासाच्या टाकीचा, बॅटरीचा सगळा इतिहास सांगितला. टायरचा सांगायचा राहिला, किंवा मी विचारायचा राहिलो.

शोध सुरू झाला तो भलत्याच कारणानं. डावीकडचा बाहेरचा टायर विचित्र घासत होता. कडा कुणी कानशीनं ओढल्यासारख्या, मधेच खड्डे. घराजवळच्या एका गॅरेजनं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सांगितली. केली. पैसे दिले. पुढच्या वर्षी घासणं तसंच. मागचा आस एकसंध लोखंडी असतो, त्यात करायची अलाइनमेंट ती काय, हे माझ्या डोक्यात बिल भरल्यावर आलं.

मग एका रविवारी वडिलांना, म्हणजे अण्णांना, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टायरसमोर धरला.

अण्णा एसटीत होते. साताऱ्याच्या विभागीय कार्यशाळेत, टायरच्या कामावर, एकतीस वर्षं. त्यांच्याकडे प्रत्येक टायरला नंबर होता आणि प्रत्येक नंबरचं कार्ड. कुठल्या गाडीला कधी लागला, किती किलोमीटर धावला, कधी उतरवला, कशामुळे. नवा टायर पुढे लागायचा. घासला की उतरवून रिमोल्डला जायचा, जुनं रबर खरवडून वर नवी नक्षी चढायची, आणि मग तो मागच्या जोडीत. पुढे रिमोल्ड लावायचा नाही, हा तिथला देवधर्म. (इथेही बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला कायद्यानं बंदी आहे, हे सांगितलं तेव्हा त्यांना अमेरिकेबद्दल पहिल्यांदा जरा आदर वाटला.) त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांनी एकच विनोद केला, की अण्णा आता ‘रि-टायर’ होणार. अण्णा तो अजून सांगतात, प्रत्येक वेळी नवा असल्यासारखा.

त्यांनी फोनमधून बाहेरचा टायर पाहिला आणि लगेच म्हणाले, “आतला बघ.”

“आतला काय बघायचाय? आतला बरा आहे.”

“बघितलास?”

नव्हता बघितला. कुणी बघत नाही. बाहेरच्या टायरमागे तो अंधारात असतो. त्याची हवा बघायची तर बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालावा लागतो. वर चकचकीत स्टीलची टोपणं बसवलेली असतात, ती बोटांची सालं काढतात. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीचं तोंड तिथपर्यंत वळत नाही, आणि वळलं तरी बऱ्याच पंपांची हवा ऐंशी पीएसआयपर्यंत चढत नाही. मग माणूस बाहेरच्याला हवा भरतो, आतल्याच्या नावानं हात जोडतो आणि निघतो. आतला बसला तरी गाडी चालत राहते, कारण शेजारचा दोघांचं ओझं उचलत असतो. चालवणाऱ्याला कळतं ते शेजारचाही फुटल्यावर, आणि फुटताना तो चाकावरचं लाकूड, नळ, कधी गॅसची नळी असं सगळं बरोबर घेऊन जातो.

म्हणून आरसा, टॉर्च आणि खडी.

३९०२चा उलगडा करायला फार डोकं लागलं नाही. गाडी २००३ची, म्हणजे हा टायर कारखान्यातून गाडीबरोबर आलेला. पण मूळचे बाकीचे गेले, हाच का राहिला? मागच्या बाजूला टांगलेली स्टेपनी पाहिली. तिच्यावर २३१५. म्हणजे आधीच्या मालकाचा आतला टायर कधीतरी वाटेत पंक्चर झाला, रस्त्यावर मदतीला आलेल्यानं मूळ स्टेपनी काढून आत बसवली, पंक्चर काढून घेतलेला टायर मागे टांगला, आणि सगळे घरी गेले. मूळ स्टेपनी, एकदाही न धावलेली, तेव्हापासून आत होती.

मी नक्षीची खोली मोजली. इथे ती इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. बाहेरच्या टायरची सात भरली, आतल्याची तेरा. म्हणजे व्यासात बारा बत्तिसांशांचा फरक, पाऊण सेंटिमीटरहून जास्त. या मापाच्या जोडीत पाव इंचापलीकडे फरक चालत नाही, आमच्याकडे त्याच्या दीडपट. दोन्ही टायर एकाच हबला आवळलेले, फेरे दोघांना सारखेच मारावे लागतात. शाळेत तीन पायांची शर्यत असते ना, त्यात उंच पोरगा आणि बुटका पोरगा बांधले की जे होतं तेच. एका फेऱ्यात मोठा टायर जास्त रस्ता कापतो, लहान कमी, आणि उरलेलं अंतर लहान टायर फरपटत जातो. सुमारे सव्वाएकोणतीस इंचांच्या टायरला हा फरक लावून पाहिला तर कागदावर मैलामागे सदुसष्ट-अडुसष्ट फूट निघतात. प्रत्यक्षात रबर दबतं, आकडा तितका भरणार नाही. पण बाहेरच्या टायरच्या कडा कुणी खाल्ल्या, ते कळलं. अलाइनमेंटचे पैसे परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

जास्त घाबरवणारी बाब वेगळीच होती. जोडीत जो मोठा, तो जास्त ओझं उचलतो. म्हणजे गाडीतला सगळ्यांत म्हातारा टायर सगळ्यांत जास्त वजन वाहत होता. त्यात आमच्या गाडीचा बाहेर सरकणारा सोफ्याचा कप्पा आणि फ्रिज, दोन्ही डावीकडे.

अण्णांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर वाचून मी चाट पडलो. “यातला हाच टायर चांगला आहे. नक्षी नवी आहे. हा ठेव, बाकीचे बदल.”

एकतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. एसटीची गाडी दिवसाला तीन-चारशे किलोमीटर धावते. तिथे टायर म्हातारा व्हायला सवडच मिळत नाही, त्याआधी दोनदा गुळगुळीत होऊन दोनदा नवी नक्षी चढवून घेतो. नक्षी आहे तोवर टायर आहे. पूर्ण नक्षीचा टायर फेकून द्यायचा, हे त्यांच्या कानाला भरल्या ताटावरून उठल्यासारखं लागणार.

मी दुसरा फोटो पाठवला. कडेचा, अगदी जवळून. रिमच्या जरा वर, गोल फिरत गेलेल्या बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या. रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर चालतो, दबतो, सुटतो, तसं ते मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला राखतं. टायर नुसता उभा राहिला की मेण आतल्या आत राहतं आणि बाहेरचं रबर सुकतं. वर ट्रेसीचं ऊन, जुलैत कधी कधी चाळीसच्या पुढे. आमची गाडी वर्षात तीन हजार मैल चालते आणि अकरा महिने उभी असते.

बराच वेळ दोन निळ्या टिका दिसत राहिल्या. मग अण्णांचा आवाजी निरोप आला. “टायर चालून मेलेला बघितलाय मी. बसून मेलेला पहिल्यांदा बघतोय.” मागे आईचा आवाज, “कोण मेलं?”

वयाच्या बाबतीत इथे एकमत नाही. फोर्ड म्हणते, नक्षी कशीही असो, सहा वर्षांनी बदला. मिशेलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे जाऊ नका. आरव्हीवाल्यांच्या शेकोटीभोवती यावर भांडणं होतात, आपल्याकडे पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर यावर होतात तितकी. माझ्या बाहेरच्या टायरांना नऊ वर्षं होत आली होती. मी ठरवलं, सहाच्या सहा बदलायचे, वर सातवी स्टेपनी. दोनच बदलले तर जोडी पुन्हा विजोड.

मग निवडायचं काय? इथे मी तीन आठवडे घालवले, आणि त्यातले अडीच फुकट गेले असं आता वाटतं. माप ठरलेलं आहे. एलटी २२५/७५ आर १६, भारश्रेणी ई, कडेवर ११५/११२. हे दोन आकडे म्हणजे एकटा टायर किती उचलेल आणि जोडीत असताना किती. एकटा २,६८० पौंड, जोडीत २,४७०, दोन्ही ऐंशीच्या हवेला. जोडीत कमी का? दोघं कधीच समसमान उचलत नाहीत. रस्ता कडेला उतरता असतो, एकात हवा जरा कमी असते, मधली उष्णता निघायला वाव नसतो. म्हणून कागदावरच आठ टक्के सोडून दिलेले असतात. चार टायरांचे मिळून ९,८८० पौंड, आणि दारावरच्या पट्टीवर मागच्या आसाची मर्यादा ९,४५०. उसंत इतकीच. यापेक्षा हलक्या श्रेणीचा टायर कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडावेत. ट्रेलरसाठीचे एसटी टायर येतात (इथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, अण्णांना हे समजावताना पुरेवाट झाली), ते तर अजिबात नकोत. ते मागे ओढलं जाण्यासाठी असतात, इंजिनाचा जोर आणि स्टिअरिंगचा ताण घेण्यासाठी नाहीत.

एक मोह रुंद टायरचा. २२५च्या जागी २४५चा बसतो म्हणतात, दिसतोही भारदस्त. पण जोडीतल्या दोन टायरांमधली जागा रिमनं ठरवलेली असते, टायर रुंद झाला की ती कमी होते. टायर खाली, जमिनीपाशी फुगतो, तिथे दोघांच्या कडा एकमेकींना घासू लागल्या की कहाणी संपली. एखादा दगड अडकला तरी तेच. आपल्याकडे ट्रकचे क्लीनर घाटात गाडी थांबली की लोखंडी टॉमी घेऊन आधी तो दगड काढतात, ते उगाच नव्हे.

उरला ब्रँड. मिशेलिनचा अ‍ॅजिलिस महाग, फायरस्टोनचा ट्रान्सफोर्स स्वस्त, दोन्ही याच मापात, याच भारश्रेणीत. महागड्या टायरच्या जाहिराती सांगतात की तो किती हजार मैल टिकेल. मला त्याचं काय? आठ वर्षांत माझे होणार चोवीस हजार मैल. माझा टायर नक्षीनं नाही, तारखेनं मरणार. जी नक्षी मी कधी वापरणारच नाही, तिचे पैसे कशाला भरायचे? मी स्वस्तातला घेतला आणि हट्ट एकाच गोष्टीचा धरला, की टायर सहा महिन्यांच्या आतला हवा. एका मोठ्या दुकानानं दोन वर्षं गोदामात पडलेले सात टायर ‘सवलतीत’ देऊ केले. आणखी एकानं सांगितलं, आम्ही मोटरहोमला हात लावत नाही, आमचा जॅक उचलत नाही. ट्रकवाल्यांकडे जा.

ट्रकवाल्यांकडे जा म्हणजे, सेंट्रल व्हॅलीत, बहुतेक वेळा पंजाब्यांकडे जा. स्टॉकटनला अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा १९१२ साली स्थापन झाला. त्या काळी शेतीवर आलेल्या लोकांच्या भाऊबंदांपैकी कितीतरी आज नव्व्याण्णव आणि पाच नंबरच्या हायवेवर ट्रक चालवतात. त्या हायवेला लागून एक टायरचं दुकान आहे. पांढरी दाढी, निळी पगडी, कमरेला ग्रीसचं फडकं असे एक सरदारजी बाहेर आले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कोपऱ्यातला लोखंडी दांडा उचलून सहाही टायर वाजवले. आई माठ घेताना उलट्या बोटानं वाजवायची, तसे. पाच टणटण वाजले, एक बद्द.

“ये वाला कितने साल का है?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दांडा खाली ठेवला आणि कानाला हात लावला.

टायर उतरवून जमिनीवर आडवा टाकला तेव्हा त्यांनी माझं बोट धरून नक्षीच्या कडेवरून फिरवलं. एका जागी, हातभर लांबीत, बोटाला उंचवटा लागत होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतले स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले होते. मागच्याच जूनमध्ये याच टायरवर मी, बायको, दोन पोरं, चाळीस गॅलन पाणी (एकट्या पाण्याचेच तीनशे तीस पौंड) आणि दहा किलोचं कणकेचं पोतं असे ३९५ हायवेनं लोन पाइनपर्यंत गेलो होतो. परत येताना बेचाळीस डिग्री तापमान होतं आणि मी ताशी पासष्ट मैलांनी चालवत होतो. मी सरदारजींना हे सांगितलं नाही.

नवे सातही टायर त्याच वर्षीचे, सातव्या-आठव्या आठवड्यातले. माझ्या आग्रहावरून जन्मतारखा सगळ्या वाचता येतील अशा बसवल्या. बाहेरच्यांच्या बाहेर, आतल्यांच्या आत, निदान दोन टायरांच्या फटीत तरी अडकणार नाहीत. रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे लांब घातले, म्हणजे आतल्याची हवा बाहेरूनच बघता येते. हा खर्च टायरच्या मानानं किरकोळ आणि सुख मात्र रोजचं. शंभर मैलांनी नट पुन्हा आवळायला या, असं सरदारजींनी दोनदा बजावलं. बिलात प्रत्येक टायरमागे पावणेदोन डॉलर कॅलिफोर्निया सरकारचे, जुन्याची विल्हेवाट लावायचे वेगळे. अण्णांना हे सगळ्यांत जास्त लागलं. “पैसे देऊन टाकलास? अरे, त्यात बारा जोड चपला होत्या.”

परतीच्या वाटेवर ट्रकच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी घेतली. पुढचा आस ४,१२०, मागचा ९,१८०. टाकी भरलेली, म्हणजे वऱ्हाड निघतं त्याच अवस्थेत. मर्यादेच्या आत, पण फार ऐसपैस आत नाही. काटा डावी-उजवी वेगळी सांगत नाही. आमची डावी जड आहे हे ठाऊक असल्यामुळे मागच्या चौघांना मी ऐंशीच ठेवली. पुढच्या दोघांना कंपनीच्या तक्त्यातून वजन काढून थोडी कमी.

टायरमधली हवा सांगणारे सेन्सर कायद्यानं इथल्या नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत. २००० साली फायरस्टोननं पासष्ट लाख टायर परत मागवले, त्यानंतर झालेल्या कायद्याचा तो परिणाम. पण ती सक्ती दहा हजार पौंडांखालच्या गाड्यांना, आणि आमची चौदा हजारांची, जुनी. म्हणून व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे सहा सेन्सर विकत आणले. डॅशबोर्डवर सहा आकडे दिसतात. आतल्यांचेही.

तरी अण्णांचं समाधान होईना. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे, पण कानावर जास्त. मे महिन्यात निघायच्या आदल्या संध्याकाळी, त्यांच्याकडे सकाळ, मी यार्डात फोन खिशात घातला, स्पीकर लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या दांड्यानं एकेक टायर वाजवत गाडीभोवती फिरलो. आतल्यांना मारायला दांडा दोन टायरांच्या मधून घालावा लागतो.

“थांब,” अण्णा म्हणाले. “पाचवा परत वाजव.”

वाजवला.

“परत.”

मी गेज लावलं. ऐंशी. डॅशबोर्डवर जाऊन पाहिलं. ऐंशी. “अण्णा, ऐंशी आहे. बद्द वाटतोय का तुम्हाला?”

पलीकडे जरा वेळ नुसती आमच्या साताऱ्याच्या घराच्या पंख्याची करकर ऐकू आली.

“फोनवर काय कळतंय लेका,” अण्णा म्हणाले. “सहावा वाजव.”